खाणीचा धक्का आणि मी गाळलेल्या दोन ओळी

कराडच्या खाली कृष्णा जिथे मोठं वळण घेते, तिथे आमच्या गावाच्या काठाला एक जुना दगडी धक्का होता. गावात त्याला खाणीचा धक्का म्हणत. मागच्या टेकडीवर काळ्या दगडाची खाण होती. पाथरवट तिथे चिरे काढत, ते दगडी उतरणीवरून घसरत धक्क्यावर येत आणि नावांत भरून खाली सांगलीपर्यंत जात. पावसाळा सरल्यावरचे तीन-चार महिने, नदीला पाणी असेपर्यंत, हे काम चाले. पुढे पूल झाले, ट्रक आले, खाण बंद पडली. माझ्या जन्माआधीच शेवटची नाव गेली होती. त्यामुळे माझ्या लेखी धक्का म्हणजे धुणं धुवायची जागा, एवढंच.

आणि त्या शेवटच्या नावेवर माझे वडील होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पण ही सगळी हकीकत मला आबांनी सांगितलेली नाही. ती त्यांनी एका परक्या बाईला सांगितली, आणि मी ती स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकली. ही गोष्ट मी तिला बरीच वर्षं माफ केली नाही.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. थोरला भाऊ फौजेत. मी गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्नाचं दोन ठिकाणी बोलणं होऊन मोडलं होतं आणि आता त्याबद्दल कुणी विचारेनासं झालं होतं. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. भावाची पत्रं मी वाचून दाखवायची आणि त्यांची उत्तरं लिहायची. एकाहत्तरच्या लढाईत भाऊ सरहद्दीवर होता, तेव्हा त्याच्या पत्रात काही काही असं असायचं की ते आबांच्या कानावर घालणं माझ्या जिवावर येई. शेजारच्या खंदकातला सोबती गेला, तीन दिवस झोप नाही, असलं. मी ते गाळून पुढचं वाचायची. आवाजात फरक न पडू देता एका ओळीवरून तिसऱ्या ओळीवर कसं जायचं हे मला तेव्हाच जमलं. तेव्हा ते मायेपोटी होतं.

त्यानंतर दुष्काळाचं वर्ष आलं. नदी इतकी खाली गेली की धक्क्याच्या कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. त्यांच्यात बसवलेल्या, मनगटाएवढ्या जाड लोखंडी कड्या वर आल्या. लोक येऊन बघून जात. अशातच एका रविवारी सकाळी एक बाई एस.टी.तून उतरली आणि शाळेपाशी मला भेटली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. खांद्याला झोळी, हातात घड्याळ, पायांत मळलेल्या चपला. घर सांगलीचं, पण साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते म्हणाली. ह्या धक्क्यावर काम केलेले एकजण ह्या गावात राहतात ना, असं तिने मला विचारलं. मीच तिला घरी घेऊन गेले.

आबा मुळात अबोल माणूस. उसाचं पाणी, बैल आणि हवा याखेरीज चौथ्या विषयावर ते बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ते तीन तास बोलले. मी दोनदा चहा केला. धक्क्याच्या भिंतीत सात आडव्या खुणा कोरल्यात, हे मी आतून ऐकलं. पाणी कोणत्या खुणेला टेकलंय ते बघून नावेत किती चिरे घालायचे ते ठरायचं. वरच्या खुणेला पाणी असलं तर नाव भरून, चौथ्या खुणेला निम्मी, आणि पाचव्या खुणेला आलं की काम बंद. पाणी बघून खूण सांगायचं काम आबांचं. मी त्या भिंतीला टेकून शेकडो वेळा धुणं आपटलं होतं. त्या रेघा मला ओल्या कपड्यांनी पडलेल्या झिजेसारख्या वाटायच्या.

ती गेल्यावर जेवताना मी म्हणाले, “आबा, हे मला कधी सांगितलं नाहीत.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “तू कवा इचारलंस?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

मग ती एक रविवार आड येऊ लागली. शनिवारी आबा न्हाव्याकडे जाऊन दाढी करून येत. पेटीतला धुतलेला पटका काढून ठेवत. परड्यातल्या पेरूला पहिला पेरू पिकला तेव्हा मी तो तोडणार तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. उद्या ती पोरगी यायची हाय.” आधी ते तिला बाई म्हणायचे. मग पोरगी म्हणू लागले, आणि एका रविवारी हाक मारताना सरळ “पोरी” म्हणाले. ती हाक माझी होती. चोवीस वर्षं त्या हाकेला फक्त मी ओ दिली होती. मी परड्यातून वळून बघितलं, तर हाक तिला होती आणि ओ देऊन ती केव्हाच त्यांच्याजवळ पोचली होती.

ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती तशी नव्हती. भांडी घासायला माझ्याबरोबर बसायची. मला पुस्तकं आणून द्यायची. धक्क्याचं मोजमाप घेताना टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, “तुम्ही बाहेरून बी.ए. का करत नाही? तुमची नजर चांगली आहे.” मला वाटलं, ही मला मॅट्रिक म्हणून हिणवते. एकदा तिने कॅमेरा आणला. आबा पटका बांधून धक्क्याच्या वरच्या ओट्यावर ताठ उभे राहिले. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून बाजूला छत्री धरायला तिने मला सांगितलं. फोटो धुऊन आला, त्यात आबा होते, नदी होती आणि कडेला छत्रीची सावली होती. आबांनी तो फोटो देवांच्या शेजारी लावला. आमच्या दोघांचा एकत्र फोटो घरात नव्हता, आणि तो कधी काढला गेलाही नाही.

त्याच सुमाराला पंचायतीने शाळेला दोन खोल्या बांधायचं ठरवलं. आमचे तीन वर्ग पिंपळाखाली बसत, त्यामुळे गरज खरीच होती. पायाला आणि भिंतींना दगड कुठला, तर धक्क्याचा. घडवलेला, तयार, फुकटचा. मुख्याध्यापक खुश झाले. मी शाळेतली शिक्षिका, मीही मान हलवली. आबांना कळल्यावर पुढच्या रविवारी त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली की जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज करू, असली जुनी कामं राखून ठेवता येतात. मात्र साहेबांनी बोलावलं तर आबांनी स्वतः येऊन सांगायला हवं. आबा म्हणाले, कवाबी बोलव.

दोन आठवड्यांनी तिचं पत्र आलं. पोस्टमन ते शाळेत माझ्या हातात देऊन गेला. मी ते वाटेत उघडून वाचलं. खुशाली होती, पेपर तपासण्याचं काम निघाल्यामुळे महिनाभर रविवारी येता येणार नाही असं होतं, आबांच्या खोकल्याची चौकशी होती. आणि मध्ये दोन ओळी होत्या. येत्या बुधवारी अकरा वाजता साहेबांनी वेळ दिली आहे, आबांना घेऊन या, मी दहापासून साताऱ्याच्या स्टँडवर थांबते. आबांचं ऐकल्याशिवाय साहेब काम थांबवणार नाहीत.

त्या पत्रात माझी चौकशी नव्हती. ‘आबांना घेऊन या’ असं जिला लिहिलं होतं, ती मी. टेप धरणारी, छत्री धरणारी, आता आबांना पोचवणारी. घरापर्यंतच्या वाटेत मी एवढाच विचार केला. धक्क्याचा विचार मनात आलाच नाही, हे आज लिहायला लाज वाटते.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी पत्र वाचलं. खुशाली वाचली, पेपर वाचले, त्या दोन ओळींवरून आवाज न अडखळता पुढे गेले आणि खोकला वाचला.

“साहेबाचं काय लिवलंय?” आबांनी विचारलं.

“काही नाही. एवढंच आहे.”

त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि भावाच्या पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं.

बुधवारी मी तिसरीला पाढे घेत होते. मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या घड्याळात अकरा वाजले ते मी पाहिलं. ती स्टँडवर कराडकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात डोकावत असेल, हे मला दिसत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. एका दिवसापुरतं का होईना, आबा तिला मिळाले नव्हते.

पुढच्या सोमवारी पहारी वाजू लागल्या. मी शाळेत होते, पण तो आवाज गावभर येत होता. मधल्या सुट्टीत जाऊन बघते तर वरचा ओटा उखडायला सुरुवात झाली होती. ज्या ओट्यावर आबा फोटोला उभे राहिले होते, तोच. माणसं दोन पहारी घालून चिरा हलवत आणि ट्रॉलीत लोटत. आबा चार हात दूर, बाभळीच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते. कुणाला अडवत नव्हते. एकाने हाक मारून म्हटलं, आवं, उन्हात कशाला बसताय, घरी जावा. ते हलले नाहीत. चार दिवस असंच चाललं. सकाळी उठून तिथे जायचे, दिवेलागणीला परत यायचे. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची.

रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. “कागुद घे. त्या पोरीला लिवायचं हाय.”

मी कागद घेऊन बसले. ते सावकाश सांगू लागले, मी लिहू लागले. धक्का मोडायला लागलेत. वरचा वटा गेला. खालचं आजून हाय. तू म्हणाली व्हतीस, सायबाला भेटू. मी रोज वाट बगतोय. मला कवा बोलवशील?

‘मला कधी बोलावशील’ हे लिहिताना माझा हात थांबला. हे मी माझ्याच अक्षरात लिहून तिला पाठवणार होते. ती ते वाचणार होती आणि तिला सगळं कळणार होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिची भीती वाटली नाही. आबा कागदाकडे बघत होते, मी लिहिते आहे त्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता, आणि ते मला सहन झालं नाही.

“आबा, तिनं बोलावलं होतं,” मी म्हणाले. “मागच्या बुधवारच्या आदल्या बुधवारी. पत्रात होतं. मी वाचलं नाही.”

त्यांनी कागदावरून नजर उचलली. मग विचारलं, “का?”

मी पुष्कळ कारणं सांगू शकले असते. शाळेच्या खोल्या होत्या, मुलं होती. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, “तुम्ही तिला पोरी म्हणता.”

मला वाटलं ते उठून जातील. ते बसून राहिले. पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “तुज्या आईलाबी मी धक्क्याचं कधी सांगितलं न्हाई. घरात सांगाय लागलो आसतो तर तुज्या चुलत्यावर आलो आसतो.”

मला एक काका होते आणि ते लग्नाआधीच तापाने गेले, एवढं मला माहीत होतं. आबांनी त्या दुपारी सांगितलं ते वेगळं होतं. पाणी ओसरायला लागलेला मोसम होता. पाणी चौथ्या खुणेच्या खाली आणि पाचव्याच्या वर, मध्येच कुठेतरी होतं. मुकादम घाई करत होता, सांगलीला कुठलंसं बांधकाम अडलं होतं. आबांनी चौथी खूण सांगितली. त्या हिशोबाने नाव भरली. ती धक्क्याला लागूनच तळाला टेकली, कलंडली आणि चिरे एका बाजूला घसरले. त्या बाजूला धाकटा भाऊ होता. एकोणीस वर्षांचा.

“पाचवी म्हनलो आसतो तर नाव भरलीच नसती,” आबा म्हणाले. “परक्या मानसाला खुना सांगता येत्यात. ती खुना लिवून घेती. घरच्या मानसाला खुना सांगितल्या की ते इचारतं, मग काय झालं.”

हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आणि त्यांनी नाही म्हणून मान हलवली. माझे वडील चाळीस वर्षांचं दुःख माझ्यासमोर मांडून बसले होते, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे तिच्याकडे नाही, हे फक्त माझं आहे. त्याचा मला आनंद झाला. तो आनंद मी त्यांच्यापासून लपवला, तसा इतकी वर्षं सगळ्यांपासूनच लपवला.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज शाळेत धाडला आणि आम्ही पहिल्या गाडीने कराड, तिथून सातारा गाठलं. तिची खोली शोधून काढली. दार उघडल्यावर आबांना बघून तिचा चेहरा फुलला. मी आबांना बोलू दिलं नाही. उंबऱ्यातच मी तिला सगळं सांगून टाकलं. पत्र आलं होतं, मी दोन ओळी गाळल्या. का, ते सांगितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. ती त्या दिवशी स्टँडवर दहापासून एकपर्यंत उभी होती आणि आबा आजारी असतील असं समजून परत गेली होती. आत्ता तिने फक्त पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, “आधी साहेबांकडे जाऊ.”

कचेरीत कारकून म्हणाला, तारीख होऊन गेली. ती त्याच्याशी शांतपणे बोलत राहिली, आणि दुपारी तीनच्या सुमाराला आम्हाला आत घेतलं. साहेब वयाने आबांच्या निम्मे असतील. आबांनी टेबलाच्या कडेवर बोटाने सात रेघा ओढून पाण्याच्या खुणा सांगितल्या. उतरण सांगितली, कड्या सांगितल्या. साहेबांनी नीट ऐकलं आणि मग विचारलं, “आजोबा, नावा गेल्या, खाण गेली. आता त्या धक्क्याचा कुणाला काय उपयोग?”

आबा म्हणाले, “उपेग काय न्हाई, सायेब. पर आमी तितं राबलो, ह्याला दुसरा कागुद न्हाई.”

साहेबांनी त्याच दिवशी काम थांबवायचं पत्र काढलं. ते तालुक्यामार्फत गावात पोचायला आणखी चार दिवस गेले, आणि तेवढ्यात उतरणीचा वरचा भागही गेला. खालच्या पायऱ्या, कड्या आणि खुणांची भिंत तेवढी वाचली. पंचायतीने मग फारसं ताणलं नाही, खोल्यांपुरता दगड झाला होता. बुधवारी गेलो असतो तर सगळंच वाचलं असतं. त्या खोल्यांत मी पुढे कितीतरी वर्षं शिकवलं, आणि त्यांच्या गार भिंतींना उन्हाळ्यात कधी पाठ टेकली नाही.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले आणि झोपले. ती स्टँडवर सोडायला आली होती, पण माझ्याशी बोलली नव्हती. तरी पंधरा दिवसांनी ती नेहमीसारखी आली. तिने मला काही विचारलं नाही, पण टेपचं टोक तेव्हापासून माझ्या हातात दिलं नाही. दगड ठेवून मोजमाप घ्यायची. हे मला अपेक्षेपेक्षा जास्त लागलं. पुढे तिने धक्क्यावर एक लहानशी पुस्तिका छापली. आबांचा फोटो, खुणांचं चित्र, आबांचे शब्द जसेच्या तसे. तिने प्रत घरी आणून दिली आणि आबांनी ती मला वाचून दाखवायला सांगितली. मी एकही ओळ न गाळता वाचली. शेवटी आभाराच्या यादीत माझं नाव होतं. ते मी वाचलं तेव्हा आबा म्हणाले, परत वाच.

चार-पाच वर्षांनी आबा गेले. खोकला होता तो छातीत उतरला. ती सांगलीला बदलून गेली होती, तिथून आली. फौजेतल्या भावाला रजा मिळून तो यायला दोन दिवस लागले, तोवर तीच माझ्याबरोबर होती. ती माझ्याहून जास्त रडली. शेजारणी तिला सावरत होत्या, आणि ‘बाप हिचा गेला की माझा’ हा विचार मला त्या वेळीही शिवून गेला.

दहाव्याला धक्क्यावर विधी झाले. लोक पांगले, भाऊ भटजींना पोचवायला गेला. आम्ही दोघी खालच्या पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली, “त्यांचा एक भाऊ होता ना?”

मी दचकले. तिला कसं ठाऊक, असं विचारलं.

टेकडीपलीकडच्या एका म्हाताऱ्या पाथरवटाने तिला नाव कलंडल्याची हकीकत सांगितली होती. अगदी सुरुवातीला, आबांना भेटण्याआधी. त्याच्या तोंडूनच तिला आबांचा पत्ता लागला होता. म्हणजे शाळेपाशी मला भेटली तेव्हाच तिला ठाऊक होतं. जे मी एवढी वर्षं फक्त माझं म्हणून उराशी धरलं होतं, ते आधीपासून तिच्याकडेही होतं.

“मग पुस्तिकेत का नाही लिहिलंत?” मी विचारलं.

“त्यांनी मला सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मग मी कसं लिहायचं?”

मला राग यायला हवा होता असं नाही, पण आला. ती माझ्या जागी असती तर मी जे केलं ते तिने केलं नसतं, हे मला स्वच्छ दिसलं, आणि त्याचाही हेवा वाटला. आबांच्या प्रेमाचा हेवा केला होता, त्याहून हा वाईट होता, कारण हा तिने माझ्याकडून काही घेतल्याचा नव्हता.

थोड्या वेळाने मी तिला सांगायला सुरुवात केली. चौथी खूण, पाचवी खूण, मुकादम, कलंडलेली नाव. आबांनी सांगितलं होतं तसंच, त्यांच्याच शब्दांत. मला वाटलं ती झोळीतून वही काढेल. ती हात गुडघ्यांभोवती बांधून ऐकत बसली. मी पुरतं सांगून संपवलं तेव्हा भाऊ वरून हाका मारत होता, आणि तिची गाडी चुकू नये म्हणून आम्ही दोघी उठलो.